मुलीच्या कॉव्हेंट्रीतल्या फ्लॅटची लीज मार्चमध्ये ८० वर्षांवर येते. आत्ताच वाढवावी की नव्या कायद्याची वाट बघावी?

जुळे_सोलापूरकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्लंडचा आहे, पण विचारणारा सोलापूरचा. आपल्यातले बरेच जण तिकडे आहेत, म्हणून इथेच विचारतो. जरा लांबलचक होईल.

मुलगी आणि जावई कॉव्हेंट्रीला असतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी तिथं दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, दुसऱ्या मजल्यावर. 'बाबा, इकडे फ्लॅट म्हणजे लीजहोल्डच असतो' हे तिनं तेव्हाच सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. जमीन आणि इमारत एका कंपनीच्या मालकीची, आपल्याला ठरावीक वर्षं राहायचा हक्क. आता जावयाची बदली होण्याची चिन्हं आहेत, वर्ष-दोन वर्षांत फ्लॅट विकावा लागेल. एजंटला फोन केला तर त्यानं खोल्या किती, पार्किंग आहे का, हे काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न, 'लीज किती उरली?'

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर. कागद वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिला लीज डीड पाठवायला सांगितलं, आसरा चौकात प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसलो. कागद छान आहे हो. नकाशात फ्लॅटभोवती लाल रेघ, आत काय आपलं, बाहेर काय कंपनीचं, सगळं स्वच्छ. खिडकीची काच आपली, चौकट कंपनीची! स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडून सगळीकडे कार्पेट पाहिजे. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. टॉवेलच्या गावातल्या मुलीला ही अट, म्हणजे बघा.

तर मुद्दा. लीज २५ मार्च २००७ पासून ९९ वर्षांची, म्हणजे येत्या मार्चमध्ये बरोबर ८० उरतील. भुईभाडं वर्षाला १५० पौंड, शेवटपर्यंत तेवढंच, वाढीचं कलम नाही. सर्व्हिस चार्ज वेगळा. फ्लॅटची आजची किंमत एजंटच्या मते १,८०,००० पौंडांच्या आसपास.

गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. ८,००० पौंड भरा, लीज आजपासून १२५ वर्षांची करून देतो, २१०६ पर्यंतचं भुईभाडं आहे तसंच राहील, आणि हे सगळं २८ दिवसांत कळवा. 'या मुदतीत कळवा नाहीतर' अशा भाषेची पत्रं मी स्वतः पुष्कळ लिहिली आहेत, त्यामुळे घाबरलो नाही. पण शंका आली.

जावयाचं म्हणणं, २०२४ मध्ये तिकडे नवीन कायदा पास झालाय. त्यात ९९० वर्षांची वाढ मिळणार आणि ८० वर्षांची भानगडच जाणार, मग आत्ता पैसे का घालवायचे? मुलगी म्हणते वाढवून टाकू. दोघंही माझ्याकडे बघतात आणि मी तुमच्याकडे. ही ८० वर्षांची रेघ नेमकी काय आहे? कंपनीचं पत्र घ्यावं का? आणि पैसे इथून पाठवायचे झाले तर कसे? आमची एक एफडी मे महिन्यात सुटते.


रेल्वे_लाईन्स:

काका, १९३० च्या मे महिन्यात सोलापुरानं इंग्रजांना गावाबाहेर काढलं होतं. आणि आता आपली पोरं त्यांच्या जमिनीचं भुईभाडं भरतात. 😀

जावईबापूंचं बरोबर वाटतंय. कायदा पास झाला म्हणजे झाला. थांबा की.


टॉवेलवाला:

अण्णा, इंग्लंडचं मला काही कळत नाही, पण लीज कळते. आमचं युनिट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, वडिलांच्या वेळेपासून. तिथंही जमीन ९५ वर्षांच्या लीजवरच. भाडं नाममात्र, त्यामुळे कुणाला आठवणसुद्धा नसते. आठवण होते ती कर्ज काढताना नाहीतर प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करताना. तेव्हा उरलेली वर्षं मोजतात, ट्रान्स्फरची परवानगी आणि शुल्क आलंच. तुमची मुलगी विकणार आहे म्हणता, मग घेणारा कर्ज काढूनच घेणार, आणि त्याची बँक तुमच्यासारखीच पेन्सिल घेऊन बसणार. एवढंच सांगतो.

आणि कायदा पास होणं वेगळं, लागू होणं वेगळं. हे सोलापूरकराला सांगायला पाहिजे का?


साखरपेठेतून_लेस्टर:

काका, मी मूळ साखर पेठेतला, लेस्टरला असतो. आमच्या फ्लॅटची लीज आम्ही कायद्याच्या मार्गानं वाढवली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. टॉवेलवाल्यांचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यावर खाली येतोच.

आधी ८० वर्षांची रेघ. आत्ता जो कायदा चालू आहे तो १९९३ चा. त्यानुसार लीजधारकाला हक्कानं उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं मिळतात आणि भुईभाडं शून्य होतं. फ्रीहोल्डर, म्हणजे जमीन-इमारतीचा मालक, 'देत नाही' म्हणू शकत नाही, फक्त किमतीवर भांडू शकतो. त्या किमतीत दोन भाग असतात. एक, त्याचं बुडणारं भुईभाडं. दोन, मुदत संपल्यावर फ्लॅट त्याच्याकडे परत गेला असता, तो आता ९० वर्षं उशिरा जाणार, त्याची भरपाई. उरलेली मुदत ८० वर्षांहून जास्त असेल तर एवढ्यावर भागतं. ८० किंवा कमी झाली की तिसरा भाग चिकटतो, त्याला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. लीज वाढल्यामुळे फ्लॅटची जी जादा किंमत होते, तिचा निम्मा हिस्सा फ्रीहोल्डरला.

तुम्ही बँकेतले, आकड्यातच बोलतो. मुदतीनंतर परत जाणाऱ्या फ्लॅटची आजची किंमत काढायला फ्लॅटसाठी सहसा ५ टक्के दर धरतात. १,८०,००० पौंड, ८० वर्षं आणि वर चार महिने, ५ टक्के चक्रवाढीनं मागे आणा. साधारण ३,५०० पौंड येतात. भुईभाडं १५० पौंड, त्याला ६ टक्के धरा, सुमारे २,५००. झाले ६,०००. दर थोडा इकडेतिकडे होईल, त्यावरच सर्व्हेअर, म्हणजे किंमत काढणारे लोक, वाद घालतात, पण आकडा ६,००० च्या घरातलाच.

आता समजा मार्च उलटला. लीज वाढवलेला फ्लॅट १,८०,००० चा आणि न वाढवलेला १,६८,००० चा धरला, तर फरक १२,०००. त्यातून फ्रीहोल्डरचे वरचे ६,००० वजा जाता उरले ६,०००, त्यातले निम्मे त्याचे. म्हणजे ६,००० चं काम ९,००० वर. १२,००० हा फरक मी समजुतीसाठी घेतलाय, पण हिशेब असाच चालतो. आणि पुढे दर वर्षी तो वाढतच जातो.

यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. किंमत ठरते ती नोटीस दिल्याच्या तारखेला. कलम ४२ ची नोटीस म्हणतात तिला. ती २५ मार्चच्या आत फ्रीहोल्डरला पोचली की ८० च्या वरचा हिशेब पक्का. मग बोलणी दिवाळीपर्यंत चालली तरी चालतील. त्याला उत्तर द्यायला नोटिशीत किमान दोन महिने द्यावे लागतात. त्याची उलट नोटीस आल्यावर सहा महिन्यांत एकतर जमवायचं नाहीतर ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करायचा. ती मुदत चुकवली तर नोटीस मागे घेतली असं धरतात आणि वर्षभर नवी देता येत नाही. तेव्हा तारखा भिंतीवर लिहून ठेवा. पूर्वी फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाल्याशिवाय हा हक्क नसायचा, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. तुमच्या मुलीला तसाही प्रश्न नव्हता, पण तिच्याकडून घेणाऱ्याला त्याचा फायदा आहे.

आता जावईबापूंचा मुद्दा. २०२४ चा लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म कायदा २४ मे २०२४ ला मंजूर झाला, खरं आहे. ९९० वर्षं, मॅरेज व्हॅल्यू रद्द, तेही खरं. पण ही कलमं अजून अमलात यायची आहेत. फ्रीहोल्डर मंडळी कोर्टात गेली होती, आमच्या मिळकतीच्या हक्कावर गदा येते म्हणून. हायकोर्टानं या ऑक्टोबरमध्ये, २०२५ ला, त्यांचं म्हणणं फेटाळलं. त्यानंतरही दर किती धरायचे हे सरकारनं नियम करून ठरवायचंय.

त्यांना एकच विचारा. थांबून तुम्हाला नेमकं काय मिळणार? मॅरेज व्हॅल्यू तुम्हाला आज लागूच नाही, मार्चपर्यंत. भुईभाड्याचा हिशेब करताना नवा कायदा ते फ्लॅटच्या किमतीच्या ०.१ टक्क्यावर थोपवतो, म्हणजे तुमच्याकडे १८० पौंड. तुमचं १५० च आहे, तिथंही फायदा शून्य. १७० वर्षं आणि ९९० वर्षं यात घेणाऱ्याच्या बँकेला काडीचा फरक पडत नाही. राहिली एक गोष्ट. आज फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेअरचा वाजवी खर्च आपल्याला द्यावा लागतो, नव्या कायद्यात तो बहुतेक ठिकाणी जाणार. तेवढी बचत खरी. त्यासाठी ८० च्या खाली घसरायचं का, ते तुम्हीच ठरवा. ज्यांची लीज आधीच ६५-७० वर आली आहे आणि ज्यांना विकायचं नाही, त्यांनी थांबण्यात अर्थ आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला तो दिसत नाही.

कंपनीचं पत्र म्हणाल तर मी घेणार नाही. ८,००० देऊन १२५ वर्षं आणि २१०६ पर्यंत १५० पौंड चालूच. कायद्यानं ६,००० च्या आसपास, १७० वर्षं, भाडं बंद. २०२२ च्या भुईभाडे कायद्यामुळे वाढीव वर्षांना त्यांना भाडं लावता येत नाही, म्हणून त्यांनी जुन्या मुदतीचं तेवढं धरून ठेवलंय. पत्राचं उत्तर देऊ नका असं नाही, पण २८ दिवस हे त्यांचे आहेत, कायद्याचे नाहीत.

खर्चाचं: स्वतःचा वकील, स्वतःचा सर्व्हेअर आणि त्यांचा वाजवी खर्च मिळून ३,००० ते ४,००० पौंड वेगळे धरा. वकील याच कामातला हवा. घर खरेदीची कागदपत्रं करणारा साधा वकील नको, कारण नोटिशीत चूक झाली तर नोटीसच बाद होते. लीजहोल्ड अॅडव्हायझरी सर्व्हिस म्हणून सरकारी पैशावर चालणारी संस्था आहे, फुकट सल्ला देतात, त्यांच्या साइटवर हिशेबाचं यंत्रही आहे. माझा आकडा तिथं ताडून बघा.


जुळे_सोलापूरकर:

साखरपेठकर, तुमचा आकडा मी कॅल्क्युलेटरवर करून बघितला. ३,५७९ आले. वजा १७० वर्षांनंतरचे चाळीसेक पौंड. बरोबर आहे. बँकेत असताना ८० वर्षांचं डिस्काउंटिंग करायची वेळ कधी आली नाही, वीस वर्षांच्या पलीकडे आम्ही कुणावर विश्वासच ठेवत नव्हतो.

जावयाला तुमचं उत्तर पाठवलं. ०.१ टक्क्याच्या ओळीवर तो गप्प झाला. आता म्हणतो, इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून जमीनच विकत का घेऊ नये? आणि पैशाचं कुणी सांगेल का?


बाळीवेस_सीए:

काका, पैशाचं मी सांगतो.

निवासी भारतीयाला एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यात जवळच्या नातेवाइकाला भेट हे कारण चालतं. पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो, तुमची पेन्शनची बँकच करून देईल. मुलगी नातेवाईक या व्याख्येत बसते, त्यामुळे भेटीवर इथं आयकर नाही.

अडकतात ते टीसीएसमध्ये, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या करात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, पूर्वी ही मर्यादा ७ लाख होती. वरच्या रकमेवर भेट वगैरे कारणांसाठी २० टक्के कापतात. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकून राहतात. मर्यादा माणशी आहे. काकूंच्या नावावर एफडी असेल तर थोडं त्यांच्या खात्यातून जाऊ द्या.

तुमच्या बाबतीत वेळही जुळते. साखरपेठकरांचा हिशेब धरला तर सगळं मिळून ९-१० हजार पौंड, पौंड १२० च्या घरात धरला तर ११-१२ लाख. पण हे एकदम लागत नाहीत. नोटिशीच्या वेळी वकील-सर्व्हेअरची फी आणि फ्रीहोल्डरनं मागितली तर अनामत. मुख्य रक्कम द्यायची ती व्यवहार पुरा होताना, म्हणजे एप्रिलनंतर. नवं आर्थिक वर्ष, नवी मर्यादा. आणि तुमची मेची एफडी मोडायची गरज नाही, दंडाचं व्याज वाचलं.

एक करून ठेवा. तिकडचा वकील पैसा कुठून आला हे विचारणारच. भेट दिली, परतफेडीची अपेक्षा नाही, असं तुमच्या सहीचं पत्र आणि एफडीची पावती, खात्याचे उतारे, सगळं पीडीएफ करून तयार ठेवा. पासबुकाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो तिकडे चालत नाही, आमच्या एका क्लायंटचं त्यावरून बरंच लांबलं.


साखरपेठेतून_लेस्टर:

जमीन विकत घेण्याचं: करता येतं, त्याच १९९३ च्या कायद्यात. इमारतीतल्या किमान निम्म्या फ्लॅटनी सामील व्हावं लागतं आणि दोन तृतीयांश फ्लॅट लांब मुदतीच्या लीजवर असावे लागतात. आपल्याकडे जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायला मानीव अभिहस्तांतरण करतात, तसाच हेतू, फक्त इथं बाजारभावानं किंमत मोजावी लागते. कल्पना उत्तम. पण तुमच्या इमारतीत अर्धे मालक भाड्यानं देऊन दुसऱ्या गावी राहत असणार. त्यांना गाठून, सह्या घेऊन, मार्चच्या आत? आमच्या इमारतीत ईमेलला उत्तर यायला महिने लागले. आधी स्वतःची लीज सुरक्षित करा, ते पुढचं नंतरही करता येतं.


टॉवेलवाला:

सोसायटीत निम्म्यांच्या सह्या! अण्णा, जुळे सोलापुरात लिफ्टच्या दुरुस्तीला सह्या मिळत नाहीत. तुमचा एकट्याचा मार्ग धरा.


जुळे_सोलापूरकर:

पटलं. मुलीनं दोन वकिलांशी बोलणं केलंय, दोघंही याच कामातले. एकजण सर्व्हेअरसकट ठरीव फी सांगतो, दुसरा तासावर. मी ठरीववाल्याच्या बाजूचा आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आत नोटीस गेली पाहिजे असं तिला सांगून ठेवलंय. मार्चची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. कंपनीच्या पत्राला 'मिळालं, विचार चालू आहे' एवढंच उत्तर द्यायचं ठरलं.

एक शेवटचं. नोटीस पाठवायची कुठल्या पत्त्यावर? लीज डीडवर जी कंपनी आहे आणि आता भुईभाड्याचं बिल जी पाठवते, त्यांची नावं वेगळी आहेत.


साखरपेठेतून_लेस्टर:

चांगलं पकडलंत. डीडमधली कंपनी २००७ ची, तिनं मध्ये फ्रीहोल्ड विकलं असणार. लँड रजिस्ट्रीकडून फ्रीहोल्डचा उतारा काढा, ऑनलाइन सात पौंडांत मिळतो. त्यावर आजचा मालक दिसेल. बिल पाठवणारी नुसती वसुली एजंट असू शकते, तिच्या नावानं नोटीस देऊन उपयोग नाही. फ्रीहोल्डर आणि मुलगी यांच्या मध्ये आणखी एखादा हेड लीजवाला, म्हणजे सगळी इमारत लीजवर घेतलेला मधला धनी, बसलाय का तेही त्याच उताऱ्यात कळेल. असला तर नोटीस कुणाला द्यायची हे वकिलाला आधी विचारा. बिलावर मालकाचं नाव-पत्ता छापणं त्यांना बंधनकारक आहे, तोही ताडून बघा.

आणि फ्लॅट मुलगी-जावई दोघांच्या नावावर असेल तर नोटीस दोघांच्या नावानं जाऊ द्या. ती गेल्यावर वकिलाकडून लँड रजिस्ट्रीत त्याची नोंद करून घ्या. मधेच फ्रीहोल्ड विकलं गेलं तरी नव्या मालकाला ती बांधील राहते. मुलीच्या गृहकर्जाच्या बँकेलाही एक ओळ कळवून ठेवा.